आजचं चिंतन: उत्तर येत नाही तेव्हा



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४. वेळ असेल तर ज्ञानेश्वरीतला याच श्लोकावरचा भागही वाचा. माउलींनी तो इतका सावकाश उलगडलाय की घाईत वाचताच येत नाही.

मागच्या रविवारी आमच्या वाचनाच्या गटात एका मुलाने प्रश्न विचारला. तो पुण्यात लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "ताई, फळाची आशा धरायची नाही असं आपण दर आठवड्याला वाचतो. मग इंटर्नशिपसाठी एकदा अर्ज केला की विसरून जायला पाहिजे ना? मी तर दिवसातून वीस वेळा मेल बघतो. उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहितो. नकार आला तर सहा महिन्यांनी परत अर्ज करतो. ही आसक्तीच झाली की! आणि थोडी लाचारीसुद्धा."

सगळे हसले. मीही हसले, पण माझं हसू जरा ओशाळं होतं. कारण त्या क्षणी माझाही फोन मांडीवर उलटा ठेवलेला होता आणि मीसुद्धा एका उत्तराची वाट बघत होते. त्याला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. ते आज लिहायचा प्रयत्न करते.

आधी माझी गोष्ट सांगते. मी पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या चौथ्या वर्षाला आहे. या लाईनमध्ये नसलेल्यांसाठी थोडं सांगते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या कोर्समध्ये किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या कोर्समध्ये किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावी लागते. ती एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. म्हणजे पुन्हा पुन्हा अर्ज करणं आमच्या शिक्षणाच्या रचनेतच आहे. त्यात मुंबईतल्या मोठ्या फर्ममध्ये जायचं असेल तर काही महिने आधीपासून सीव्ही, कव्हर लेटर, लेखनाचा नमुना असं सगळं पाठवायचं. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. पुढची नोकरी बऱ्याचदा या चार आठवड्यांतूनच ठरते, म्हणून सगळ्यांचा जीव तिथे अडकलेला असतो.

मी अकरा ठिकाणी अर्ज केले होते. आठ ठिकाणांहून काहीच नाही. दोन ठिकाणांहून यंत्राने पाठवलेली पोच आली. एका फर्मने मात्र व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोलून घेतलं आणि "दोन आठवड्यांत कळवतो" म्हणून सांगितलं. दोनाचे चार झाले, चाराचे सात झाले. मला नकाराची भीती नव्हती असं नाही, पण नकारापेक्षा ती शांतता जास्त खात होती. नकाराला निदान चेहरा असतो. शांततेत मात्र आपलंच मन रोज नवा निकाल लिहितं. मी फार बोलले का? कॉलेजचं नाव बघून सोडून दिलं का? इंग्रजी अडखळलं का?

मग एका मैत्रिणीने उपाय सुचवला. "त्यांना लिही, दुसऱ्या फर्मची ऑफर आली आहे, शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. बघ कसं लगेच उत्तर येतं. सगळे असंच करतात." ऑफर कुठलीच आली नव्हती. तरी मी तो मेल लिहिला. चार ओळींचा, अगदी सभ्य भाषेतला. ड्राफ्टमध्ये ठेवला आणि शनिवारी सकाळी लोणावळा लोकल पकडून मामाकडे भाज्याला गेले.

आषाढी होऊन गेली होती. मळवली स्टेशनवर उतरले तेव्हा पाऊस असा होता की लोहगड आणि विसापूर दोन्ही ढगात गडप. एक्सप्रेस वेवरचा पूल ओलांडून भाज्याकडे चालत निघालं की शनिवार-रविवारी धबधब्याला जाणाऱ्या पोरांचे घोळके लागतात. मी त्यांच्यातून वाट काढत घरी पोचले. मामी इरलं शोधत होती. मला बघून म्हणाली, "आलीस का? बरं झालं. चल, नांग्या भरायच्यात."

शहरातल्या मंडळींसाठी सांगते. भाताची लावणी झाली की आठ-दहा दिवसांनी शेतात पुन्हा उतरायचं. काही रोपं रुजलेली नसतात. काही कुजतात, काही खेकडे कुरतडतात, काही पाण्याच्या लोटाने उपटून निघतात. त्या मोकळ्या जागा म्हणजे नांग्या. तिथे उरलेली ताजी रोपं पुन्हा लावायची.

मी चिखलात वाकले आणि तासाभरात कंबर बोलायला लागली. मामीला विचारलं, "मामी, इतकी मेहनत करून लावलेलं रोप मेलं की वाईट नाही वाटत?"

ती म्हणाली, "वाईट कशाचं वाटायचंय? समदी रोपं जगतील असं धरून कोण लावतंय? म्हनून तर वाफ्यात जादा रोप ठेवायचं." मग थोडं थांबून म्हणाली, "पन मेलेलं रोपच परत खोचू नको हां. आन् खेकड्याचं बीळ दिसलं तर आधी ते बुजव."

मी तशीच चिखलात उभी राहिले. मी आठ ठिकाणी तेच मेलेलं रोप खोचत होते! एकच कव्हर लेटर, फक्त वरचं फर्मचं नाव बदललेलं. एका ठिकाणी तर तेही बदलायचं राहून गेलं होतं, हे मला नंतर कळलं.

त्या रात्री हा चौदावा श्लोक वाचला. भगवान सांगतात की कुठलंही कर्म तडीस जातं ते पाच कारणांनी. पहिलं अधिष्ठान, म्हणजे जिथे कर्म घडतं ते ठिकाण. टीकाकार याचा अर्थ देह असा घेतात, माउलींनीही तोच घेतलाय. दुसरा कर्ता. तिसरं करण, म्हणजे साधनं, इंद्रियं. चौथी चेष्टा. आणि पाचवं दैव.

इथे 'चेष्टा' शब्दावर जरा थांबा. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. गीतेतली चेष्टा म्हणजे हालचाल, धडपड. आणि ती धडपड कशी? तर अनेक प्रकारची, वेगवेगळी. मला हे विशेषण आधी कधी दिसलंच नव्हतं. एकच मेल अकरा जणांना पाठवणं ही अकरा वेळा केलेली धडपड नाही. ती एकच धडपड, अकरा प्रतींमध्ये. आपल्या मराठी अर्थाने चेष्टाच म्हणा ना!

या पाचांचा हिशोब आपल्या अर्जाला लावून बघा. माझी तब्येत, माझी झोप, मी जिथून उभी आहे ती जागा, हे अधिष्ठान. मी स्वतः कर्ता. माझं वाचन, माझी भाषा, माझा सीव्ही, ही साधनं. अर्ज, पुन्हा विचारणा, नवं शिकणं, ही धडपड. आणि पाचवं? त्या फर्ममध्ये त्या महिन्यात किती काम आहे, अर्ज बघणारी व्यक्ती रजेवर आहे का, माझ्या आधीच कुणाला जागा देऊन झाली आहे का, मेल स्पॅममध्ये गेला का. हे सगळं माझ्या नजरेपलीकडचं. त्याला मी दैव म्हणते. ग्रहताऱ्यांपर्यंत जायची गरजच नाही.

यानंतर दोनच श्लोकांनी भगवान म्हणतात की जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही. आपण हे वाक्य नेहमी अहंकाराला लावतो, यश मिळालं की फुगू नका वगैरे. पण अपयशालाही ते तितकंच लागू आहे. उत्तर आलं नाही म्हणून "मीच नालायक" असं म्हणणारासुद्धा स्वतःलाच एकमेव कर्ता मानतोय. त्याने उरलेली चार कारणं पुसून टाकली. न्यूनगंड हा उलटा घातलेला अहंकार आहे, असं मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

पण याची दुसरी बाजूही आहे, ती सोडून चालणार नाही. "सगळं दैवावर आहे" म्हणणाराही चार कारणं पुसतो, फक्त वेगळी चार. पुन्हा अर्ज न करता "देवाची इच्छा नव्हती" म्हणणं फार सोयीचं असतं. त्याला आपण वैराग्य म्हणतो. बऱ्याचदा ती फक्त पुन्हा नकार ऐकण्याची भीती असते, भगवं उपरणं पांघरलेली.

मग त्या ड्राफ्टमधल्या मेलचं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जरा उघडला म्हणून लेण्यांच्या पायऱ्या चढून गेले. भाजे लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या बौद्ध लेण्यांपैकी. मोठ्या चैत्यगृहाच्या छताला अजून लाकडाच्या कमानी आहेत, इतकी शतकं टिकलेल्या. थोडं पुढे गेलं की १४ स्तूपांचा समूह आहे, काही आत, काही उघड्यावर. त्यातल्या काहींवर तिथल्या भिक्षूंची नावं कोरलेली आहेत. पावसाळ्यात हे भिक्षू फिरणं थांबवून एका जागी राहायचे, त्याला वर्षावास म्हणतात. मी वारकऱ्यांच्या घरातली, पण त्या ओल्या दगडावर बसून मला त्यांचाच विचार आला. वाट बंद आहे, म्हणून थांबलेत. पण थांबले म्हणजे रिकामे बसलेत असं नाही. अभ्यास चालू, ध्यान चालू, शिकवणं चालू. पाऊस संपला की पुन्हा चालायचं.

तिथे बसून तो ड्राफ्ट उघडला. पाच कारणं डोक्यात होतीच. खोटी ऑफर म्हणजे नेमकं काय? चार कारणं माझ्या हातची, निदान थोडी तरी. पाचवं माझ्या हातात नाही, हेच मला सहन होत नव्हतं. म्हणून समोरच्याच्या मनात भीती घालून ते पाचवं कारण मी मुठीत धरायला निघाले होते. फळाची आसक्ती म्हणजे हेच असावं. फळ हवंसं वाटणं नाही, तर फळासाठी साधन नासवायची तयारी. आणि काम कुठलं मागत होते? वकिलीचं! जिथे उद्या माझ्या शब्दावर कुणीतरी विश्वास ठेवणार, त्या दारातून आत जातानाच खोटं बोलून जायचं?

मेल पुसला. त्या जागी तीन वाक्यं लिहिली: अमुक तारखेला बोलणं झालं होतं, माझी इच्छा अजून आहे, निर्णय झाला असेल तर कृपया कळवावं. सोमवारी पाठवला.

त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे सापडलं. पुन्हा विचारणं ही आसक्ती नाही. पुन्हा विचारताना मी काय विकायला तयार होते, यावर ते ठरतं.

आणि लाचारीचं? त्यासाठी एका पुणेकर मुलीची आठवण करू. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. परीक्षेत असं यश मिळवलं की इंग्लंडला शिकायला जायची शिष्यवृत्ती तिची होती. पण ती मुलगी म्हणून नाकारली गेली. इंग्लंडमधल्या काही सहृदय लोकांनी पैसे उभे केले आणि ती ऑक्सफर्डला गेली. १८९२मध्ये तिने तिथली कायद्याची बीसीएल परीक्षा दिली, ती देणारी पहिली स्त्री. परीक्षा दिली, पण पदवी नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. लंडनमध्ये सॉलिसिटरांच्या कचेरीत काही काळ उमेदवारी केली. भारतात परतली. मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली. मग अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरीही वकील म्हणून मान्यता नाही.

आता ही बाई काय करत बसली? १९०४पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सची सल्लागार म्हणून पडद्यातल्या विधवांची आणि अनाथ मुलांची कामं पाहत राहिली. ज्या बायकांना परपुरुष वकिलाशी बोलताही येत नव्हतं, त्यांच्या मालमत्तेचे आणि हक्कांचे प्रश्न. कोर्टात उभं राहायची परवानगी नव्हती, तरी काम तेच. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२०मध्ये. भारतात स्त्रियांना वकिलीचं दार कायद्याने उघडलं १९२३मध्ये. पुढच्या वर्षी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या आसपास, ती कलकत्त्यात वकिली करू लागली. ऑक्सफर्डची परीक्षा ते कायद्याचं दार, एकतीस वर्षं!

हिला लाचार म्हणाल का? ती पुन्हा पुन्हा दार ठोठावत होती, पण स्वतःची किंमत त्या दाराला विचारत नव्हती. आपलं काम काय आहे हे तिला आधीच माहीत होतं. लाचारी ठोठावण्यात नसते. "तुम्ही आत घेतलंत तरच मी कुणीतरी आहे" या वाक्यात ती असते.

पण या गोष्टीतून "सबुरी धरा, सगळं मिळतं" एवढाच धडा घेऊ नका. सोराबजींसमोरचं दार उशिरा उघडणारं नव्हतं, नियमाने बंद केलेलं होतं. ते अन्यायाचं होतं. तिथे नुसती वाट बघून भागलं नसतं, कायदा बदलावा लागला. आपल्याच परंपरेतलं बघा. पंढरपूरच्या मंदिराचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७मध्ये उपोषण करावं लागलं. चोखोबांची समाधी तिथेच दाराबाहेर, आणि गुरुजींच्या उपोषणाची वेळ येईपर्यंत मध्ये सहाशे वर्षं गेलेली. वाट बघणाऱ्याला "धीर धर" असं सांगताना आधी बघावं की दार नुसतं लोटलेलं आहे की कुणी कुलूप घातलंय. लोटलेलं असेल तर पुन्हा हाक मारा. कुलूप असेल तर हाका मारणाऱ्याला उपदेश करू नका, कुलुपाबद्दल बोला.

आता वाट बघण्याबद्दल. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते, आमच्या मळवलीजवळून जाते आणि पुढे देहूला पोचते. त्या देहूच्या काठावर तुकोबा तेरा दिवस बसले होते, अशी आपली श्रद्धा. अभंगांच्या वह्या पाण्यात, आणि हे अन्नपाण्याशिवाय काठावर. मी लहानपणी समजायचे की एवढे मोठे संत, शांत डोळे मिटून बसले असतील. मग गाथा नीट वाचायला लागले. तुकोबा देवाशी भांडतात हो! जाब विचारतात, टोमणे मारतात, रुसतात. निष्काम म्हणजे दगड होणं, असं त्यांच्याकडे बघून तरी वाटत नाही. तळमळ आहे, आणि ती कुठे न्यायची हे त्यांना पक्कं माहीत आहे. तक्रार देवापाशी, माणसांशी खरेपणा. आपण बरोबर उलटं करतो. देवापुढे "तुझी इच्छा" म्हणून शहाण्यासारखे हात जोडतो, आणि राग मग आईवर, मैत्रिणीवर आणि निवड झालेल्या वर्गमित्रावर काढतो.

दिवसातून वीस वेळा मेल बघणाऱ्या माझ्या मित्रा, तुझी तळमळ चुकीची नाही. तिला दिवसातून एक वेळ ठरवून दे. मी संध्याकाळी हरिपाठाआधी एकदा मेल बघते. आलं असेल तर हरिपाठात सांगते, नसेल आलं तरी सांगते.

आता वडगावची गोष्ट. सोमवारी मेल टाकला आणि मामाच्या ओळखीने वडगाव मावळच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांकडे जायला लागले. बार कौन्सिलच्या नियमात खालच्या कोर्टातल्या वकिलांकडचं कामही इंटर्नशिप म्हणून मोजलं जातं. खरं तर शिक्षणाच्या काळात एकदा तरी ते करावं अशीच अपेक्षा आहे. मी मात्र ते कायम 'दुसरं काही नाही मिळालं तर' या यादीत टाकलं होतं. इथे एसी नाही. सातबारा, फेरफार, मोजणीचे नकाशे, वाटणीचे दावे. मावळात जमिनीचे भाव वाढले तसे भावाभावांतले दावेही वाढले, असं सर म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात एक आजोबा आले. त्यांच्या दाव्याचा तपशील सांगत नाही, तो त्यांचा. पुकारा झाला, दोन मिनिटांत पुढची तारीख पडली. सर दुसऱ्या कोर्टात गेले होते. आजोबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. म्हणाले, "ताई, काय झालं आज?"

मी "पुढची तारीख मिळाली" म्हणणार होते आणि थांबले. कारण त्यांनी तारीख विचारली नव्हती. काय झालं ते विचारलं होतं. सात आठवडे मी कुणीतरी मला एवढंच सांगावं म्हणून तडफडत होते. हे आजोबा किती वर्षं? मी त्यांना बाकावर बसवलं. समोरच्या बाजूने मुदत मागितली, कोर्टाने का दिली, पुढच्या वेळी काय होणार, जे मला कळलं होतं ते सांगितलं. जे कळलं नव्हतं ते सरांना विचारून सांगते म्हटलं, आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं. निकाल काही बदलला नाही. पण जाताना ते ताठ चालत गेले.

तेव्हा कळलं की आपण सगळे एकाच वेळी रांगेतही उभे असतो आणि खिडकीच्या आतही बसलेलो असतो. कुणीतरी आपल्याला ताटकळत ठेवलंय, आणि आपणही कुणालातरी ठेवलंय. माझ्या फोनवर त्या आठवड्यात न वाचलेले किती मेसेज होते माहितीये? ज्युनिअर मुलीचा एक, सीव्ही बघून द्याल का म्हणून. तो तीन आठवडे पडून होता. फर्मच्या शांततेवर मी मैत्रिणींना तासतास ऐकवत होते आणि त्या मुलीसाठी मीच ती फर्म होते.

विठोबा विटेवर उभा आहे, कशासाठी? पुंडलिकाने थांब म्हटलं म्हणून. आईवडिलांची सेवा संपेपर्यंत थांब, असं भक्ताने सांगितलं आणि देव थांबला. आपली सगळी वारी एका वाट बघणाऱ्या देवाकडे जाते. पुंडलिकाने मात्र त्याला नुसतं ताटकळत ठेवलं नाही हं. एक वीट दिली. उत्तर द्यायला वेळ लागणार असेल तर निदान उभं राहायला वीट द्यावी, "वाचलं, दोन दिवसांत सांगते" एवढी तरी. मोठ्या कचेऱ्यांना हे जड जात असेल, अर्ज हजारोंनी येत असतील, मान्य. पण ज्याने वेळ देऊन बोलावलं, बोलून घेतलं, त्याला नकाराची एक ओळ देणं हे उपकार नाहीत. ते देणं आहे. उद्या आपल्यापैकी कुणी त्या खुर्चीत बसलं तर हे आठवावं.

आता शेवट काय झाला ते विचाराल. नवव्या दिवशी उत्तर आलं. या वेळी जागा देता येत नाही, पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करावा. मी रडले. खोटं कशाला सांगू? पाच कारणं पाठ होती तरी रडले. मामीला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं, कळलं तरी." मग म्हणाली, "भात बघायला ये."

पुढची फेरी उघडली तेव्हा मी पुन्हा अर्ज केला. या वेळी वेगळं रोप. खेकड्याचं बीळही शोधलं होतं: माझ्या लेखनाच्या नमुन्यात पानंच्या पानं होती आणि मुद्दा शेवटी होता. तो नवा लिहिला, वाटणीच्या दाव्यातल्या एका कायदेशीर प्रश्नावर, वडगावात शिकलेल्या गोष्टींतून. आणि याच वेळी मुंबईतल्या सॉलिसिटरच्या परीक्षेची आणि तिच्या तीन वर्षांच्या आर्टिकलशिपची माहितीही काढली. धडपड अनेक प्रकारची असावी ना!

त्या अर्जाचं उत्तर हे लिहीपर्यंत आलेलं नाही. येईल किंवा येणार नाही. मी शनिवारी वडगावला जाते, आजोबांची तारीख जवळ आली आहे.

आजचा संकल्प, तीनच गोष्टी:

जिथून नकार आला तिथे पुन्हा अर्ज करणार असाल, तर आधी एक गोष्ट खरोखर बदला.

ज्या अर्जात थोडंसं खोटं आहे, ते काढा. ते राहिलं तर मिळालेलं फळही आपलं वाटत नाही.

आणि आज झोपायच्या आधी, तुमच्या उत्तराची वाट बघत असलेल्या एका माणसाला उत्तर द्या. "नाही" असलं तरी द्या.

पांडुरंगा, जे आमच्या हातात आहे ते आळसाने सोडू देऊ नकोस. जे नाही ते खोट्याने ओढू देऊ नकोस. आणि आमच्या दाराशी जो उभा आहे, त्याला देण्यापुरती एक वीट कायम हाताशी असू दे.

राम कृष्ण हरी! उद्या पंधरावा श्लोक.